चिमीचं बोट कोण हलवतं?

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधली वाट भरली, खिडक्यांच्या कट्ट्यांवरसुद्धा माणसं चढून बसली. सगळ्यांच्या नजरा मंचावरच्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर होत्या. घरात तिला चिमी म्हणत. चिमी जन्मापासून एक शब्द बोलली नव्हती. आत्ताही तिची मान एका बाजूला कललेली होती आणि डोळे वर फिरणाऱ्या पंख्याला लागलेले होते. तिच्यासमोर अक्षरं आणि आकडे छापलेली पाटी होती, आणि शेजारी बसलेल्या बाईंनी तिचं मनगट हलकेच धरलं होतं. या बाईंना लोक बोधताई म्हणत.

"विचारा," बोधताई म्हणाल्या. "काहीही विचारा."

"सतरा गुणिले तेवीस?" मागून कोणीतरी ओरडलं.

चिमीचं बोट पाटीवर निघालं. तीन. नऊ. एक. ओरडणाऱ्याने मोबाइलवर गुणाकार करून तो उंच धरला आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. एका आजोबांनी तर बसल्या जागी हात जोडले. मुलीला जोडले, बाईंना जोडले की तीनशे एक्क्याण्णवला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"आता मला सांगा," बोधताईंचा आवाज मधात घोळला, "सात हा आकडा तुमच्यापैकी कोणी पाहिलाय? सात केळी पाहिली असतील. सात पायऱ्या पाहिल्या असतील. पण नुसता सात? तो कुठे राहतो? गणित माणसाने घडवलेलं नाही, बाबांनो. ते आधीपासून आहे. आपण शिकतो, पाढे घोकतो, मार खातो. ही मुलगी थेट तिथे जाऊन वाचून येते."

पहिल्या रांगेत चिमीचे बाबा बसले होते. ते कॉलेजात गणित शिकवत, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. सात कुठे राहतो, हा प्रश्न ते स्वतः दर वर्षी पहिल्याच तासाला वर्गात विचारत. तो किती जुना आहे आणि थोरामोठ्यांनी त्यावर किती डोकेफोड केली आहे, हे त्यांना ठाऊक होतं. आपला आवडता प्रश्न बाईंच्या तोंडी ऐकून त्यांना बरंही वाटलं आणि ते खटकलंही. शेजारी चिमीची आई डोळे पुसत होती.

ती का रडत होती, तेही सांगायला हवं. पहिल्याच दिवशी त्या बोटाने पाटीवर लिहिलं होतं, 'आई, मी सगळं ऐकते.' जिने नऊ वर्षं लेकीच्या तोंडून 'आई' ऐकण्यासाठी जीव टाकला, तिला हे वाचून काय झालं असेल? ती रात्रंदिवस हसत होती, रडत होती. सरही रडले. उगाच शहाणपणा कशाला सांगायचा, तेव्हा कोणालाच काही तपासायचं नव्हतं.

मग बोटाने दुसरं वाक्य लिहिलं. 'औषधाने डोक्यात धुकं होतं. नको.'

चिमीला लहानपणापासून फिट यायच्या आणि त्या औषधानेच आवरलेल्या होत्या. आईने औषध निम्म्यावर आणलं. एका सकाळी न्हाणीघरात चिमी लाकडासारखी ताठ झाली, ओठ निळे पडले. दवाखान्यात तिला सावरेपर्यंत सरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"औषध पूर्ववत करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर पुढची फिट थांबेलच, अशी खात्री मी देणार नाही."

"पण तिने स्वतः नको म्हटलंय," आई म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलीने मला काही मागितलंय. ते मी मोडू?"

डॉक्टरीणबाई सरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझं त्या ऐकणार नाहीत. तुम्ही गणितवाले ना? मग खरंखोटं ठरवायची काहीतरी सोय करा, आणि लवकर करा."

सर तडक बोधताईंकडे गेले. "ताई, एक साधी चाचणी घेऊ या का?"

"चाचणी?" बाई हसल्या. "सर, तुमच्या गणिताचा पाया कशावर आहे हो? गृहीतकांवर. ती कोणी सिद्ध केलीत? कोणी नाही. मानून घेतलीत. खरं असूनही सिद्ध न होणाऱ्या गोष्टी असतात, हे तुमच्याच लोकांनी कबूल केलंय. मग पोटच्या पोरीकडे कसले पुरावे मागता? जिथे संशय असतो तिथे ती बोलत नाही."

सर परतले. कारण बाई बोलल्या त्यात खोटं असं काही नव्हतं. पाया मानूनच घेतलेला असतो. उद्याही निसर्ग आजच्यासारखाच वागेल, हेसुद्धा कोणी सिद्ध केलेलं नाही. मग आपण कोणत्या तोंडाने या बाईंना अडवायचं? घरी ते पाटी पुढ्यात घेऊन बसले आणि सहज डोळे मिटून आपलंच नाव लिहायला गेले. बोट भलत्याच अक्षरांवर पडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पन्नाशीच्या प्राध्यापकाला न बघता एक अक्षर सापडत नव्हतं, आणि चिमी पंख्याकडे बघत वाक्यं लिहीत होती. मग पाटीकडे बघत कोण होतं?

एवढं सुचल्यावर बाकीचा गुंता आपोआप सुटला. काही खऱ्या गोष्टी सिद्ध होत नाहीत, म्हणून सिद्ध न झालेली प्रत्येक गोष्ट खरी होत नाही. गणितवाला गृहीतक मानतो ते उघड सांगून मानतो, आणि त्यातून एकमेकांविरुद्ध दोन गोष्टी निघाल्या तर ते मोडीत काढतो. बाईंचं गृहीतक मात्र कशानेच मोडणार नव्हतं. उत्तर बरोबर आलं तर ज्ञान, आणि चुकलं तर आपला संशय. आणि इथे पायाबियाचा प्रश्नच कुठे होता? बोट कोणाच्या मनातलं लिहितं, हे तर डोळ्यांनी बघता येत होतं.

"तूच विचार," ते बायकोला म्हणाले. "मी मध्ये येत नाही. चिमीला चित्र तूच दाखव."

"घ्या चाचणी," ती म्हणाली. "एकदाचा तुमचा संशय फिटू दे."

आईनेच बोलावल्यावर बोधताईंना नाही म्हणता येईना. त्या आल्या. चिमी आणि त्या यांच्यामध्ये सरांनी खोक्याचा जाड पुठ्ठा उभा केला. पुठ्ठ्याच्या या बाजूला आई चिमीला एक चित्र दाखवणार, त्या बाजूला सर बाईंना एक दाखवणार. मग चित्रं पालथी घालायची, पुठ्ठा काढायचा, आणि आपल्याला काय दिसलं ते चिमीने लिहायचं. दोन्ही चित्रं सारखीच असतील असं सर म्हणाले नव्हते. बाई मात्र तसं धरून चालल्या.

पहिल्या खेपेला बोटाने लिहिलं, 'छत्री'. आईने चित्र उलटं केलं. छत्रीच होती. "बघा," ती सरांना म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की सरांना वाटलं, इथेच थांबावं. मोठ्या मोहाची वेळ होती ती. पहिल्या खेपेची दोन्ही चित्रं त्यांनी मुद्दाम सारखी ठेवली होती; आता त्यांनी पुढची जोडी उचलली.

आईने चिमीला मांजर दाखवलं. बोटाने लिहिलं, 'बूट'.

"चुकली असेल," आई म्हणाली. सरांनी बाईंना दाखवलेलं चित्र उलटं केलं. त्यावर बूट होता. तिसऱ्या खेपेला तिने चमचा दाखवला आणि बोटाने 'घर' लिहिलं. बाईंच्या चित्रात घर होतं.

मग आई चिमीसमोर गुडघ्यांवर बसली. "चिमे, आजी मला फोनवर काय हाक मारते गं? रोज ऐकतेस तू. तेवढं सांग मला, राणी."

बोधताईंना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. बोट पाटीवर घुटमळलं, गोल फिरलं, आणि मग लिहिलं, 'ज्ञानाला नाव नसतं.'

"बाई," आई म्हणाली, "हात सोडा तिचा."

बाईंनी मनगट सोडलं. चिमीचा हात पाटीवरून घसरून मांडीवर पडला. ती पंख्याकडे बघत राहिली.

"मी हलवत नाही, शप्पथ," बोधताई म्हणाल्या. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. कदाचित खरंच बोलत असतील. मनात एक शब्द धरून दुसऱ्याचं मनगट पकडलं की आपला हात आपल्याही नकळत तिकडे झुकतो. पण एकेकाळी त्या तोंडी हिशोबाचे क्लास घ्यायच्या, हे त्यांनी कोणत्याही सभेत सांगितलं नव्हतं. सतरा गुणिले तेवीस त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. सगळं सभागृह मुलीकडे बघत होतं, बाईंकडे बघणार कोण?

"संशयाच्या वातावरणात असं होतं," त्या पुटपुटल्या.

"मला संशय नव्हता," आई म्हणाली. "या घरात माझ्याइतका विश्वास कोणाचाच नव्हता. तुमचासुद्धा नसेल."

बाई गेल्या. आई भिंतीला टेकून खाली बसली.

"मग 'मी सगळं ऐकते' असं मला कोण म्हणालं?"

सरांना खोटं बोलावंसं फार वाटलं. "त्या म्हणाल्या," ते म्हणाले.

"म्हणजे माझी मुलगी माझ्याशी एकदाही बोलली नाही." ती हमसून हमसून रडायला लागली. सर तिच्या शेजारी जाऊन बसले.

औषधाची वेळ झाली तशी ती उठली. पूर्ण मापाचा चमचा भरून तिने चिमीच्या तोंडाशी नेला. चिमीने ओठ घट्ट मिटले, तोंड फिरवलं आणि डाव्या हाताने आईचा हात दूर ढकलला. औषध चादरीवर सांडलं.

आई चादरीवरच्या डागाकडे बघत राहिली. "नको म्हणतेय ती."

"हो."

"हे तिचंच आहे ना?"

"हात कोणी धरलेला नाही," सर म्हणाले.

तिने चिमीचा तो डावा हात गालाशी धरला. "कळलं गं मला. कडू आहे. तरी घ्यायचं." आणि पुन्हा चमचा भरला.

त्याच आठवड्यात एक अनोळखी माणूस दाराशी आला. त्याचा मुलगाही बोलत नव्हता आणि त्यालाही फिटचं औषध चालू होतं. सभेत त्याने चिमीला पाहिलं होतं आणि त्याला बोधताईंचा पत्ता हवा होता. चिमीच्या आईने त्याला बसवलं आणि जे घडलं ते सगळं सांगितलं.

"तुमच्या मुलीचं जमलं नसेल," तो म्हणाला. "माझ्या मुलाचं जमेल. जमणारच नाही, असं तुम्ही सिद्ध करू शकता का?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणून तर म्हणते, माझंही ऐकू नका. बाईंना दुसऱ्या खोलीत बसवा. मुलाला अशी एखादी गोष्ट दाखवा जी बाईंना माहीत नाही. मग त्यांना बोलवा आणि विचारा. बरोबर सांगितलं, तर मी स्वतः येऊन त्यांच्या पाया पडेन."

"आणि चुकलं तर?"

"तर रडा. मीही रडले. पण त्याचं औषध बंद करू नका."