पेलिकानोची दुसरी डिस्क

देयानिरा दुकानात शिरली तेव्हा मी एका फोनच्या पोटात चिमटा घालून बसले होते. तिने काउंटरवर दोन्ही हात आपटले.

"इनेल्दाताई, दुसरी डिस्क दिसत नाहीये!"

"कुणाला दिसत नाही?"

"कॉम्प्युटरला! पहिली दिसते, दुसरीचा पत्ता नाही. आणि आज चारला सुरू करायचंय."

मी फोन तसाच उघडा टाकून उठले. माझा स्वभावच तसा आहे. वस्तू आहे पण दिसत नाही, असं कुणी म्हटलं की ती सापडेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. शिवाय ही डिस्क एउस्तोर्हियो मेसाची होती. तिच्यात काय आहे हे जाणून घ्यायला आमचा अर्धा रेबोलो मोहल्ला उपाशी राहिला असता.

एउस्तोर्हियो म्हणजे देयानिराचा बाप आणि 'एल पेलिकानो' या पिकोचा मालक. पिको आमच्याकडे गल्लीगल्लीत आहेत. माणसाहून उंच रंगवलेल्या स्पीकरच्या पेट्या रस्त्यात मांडायच्या आणि लोकांना नाचवायचं. नेहमीची गाणी सगळ्यांकडे असतात, पण पिकोची इज्जत असते ती फक्त त्याच्याच जवळ असलेल्या गाण्यांवर. एउस्तोर्हियोने ती बंदरावरच्या खलाशांकडून मिळवली होती, कुठल्या कुठल्या आफ्रिकी देशांतली. दुसऱ्या पिकोवाल्याला सुगावा लागू नये म्हणून तो तबकड्यांवरची नावं चाकूने खरवडून टाकायचा, कधी वर भलत्याच गाण्याचा कागद चिकटवायचा. मग गल्लीच नावं ठेवायची. ज्या रात्री शेळी नाचात घुसली त्या रात्रीचं गाणं 'काळी शेळी', ज्या रात्री कुणाची तरी सासू जावयाला शोधत आली त्या रात्रीचं 'सासूबाई'.

मला मात्र कुठलं गाणं कुठलं ते आजवर कळलेलं नाही. माझी आई कट्टर प्रार्थनामंदिरवाली. पिको सुरू झाला की आम्हा बहिणींच्या कानांवर उशा यायच्या. उशीतून चाल ऐकू येते, नाव ऐकू येत नाही. आणि विचारायची सोय नव्हती, कारण विचारणं म्हणजेच पाप.

एका वर्षी पावसात रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि तबकड्या वाहून गेल्या. नशिबाने एउस्तोर्हियोने त्याआधीच सगळं कॉम्प्युटरात भरून घेतलं होतं. गेल्या मे महिन्यात तोही गेला, दुपारी झोपला तो उठलाच नाही. आज पेलिकानो त्याच्याशिवाय पहिल्यांदा रस्त्यावर येणार होता आणि यंत्रावर बसणार होती देयानिरा. तिचा काका आस्द्रुबाल गल्लीच्या कार्निव्हल मंडळाचा अध्यक्ष. त्याने स्वच्छ सांगून टाकलं होतं, की आज बापाची खास गाणी वाजली नाहीत तर कार्निव्हलला शेजारच्या सोलेदाद गावचा पिको बोलवणार. ज्या पिकोला स्वतःची गल्ली कार्निव्हलला बोलवत नाही, त्याचं पुढे सरपणच होतं.

आम्ही पोचलो तेव्हा पेट्या मांडून झाल्या होत्या. मधल्या पेटीवरचा पेलिकन चोचीत मासा धरून नेहमीच्या तोऱ्यात उभा होता. मागच्या लाकडी खोपट्यात, पडद्याआड, यंत्र. त्या पडद्याआड एउस्तोर्हियोने कधी स्वतःच्या बायकोलाही घेतलं नव्हतं. मी आत पाऊल टाकलं आणि खरं सांगते, अंगावर काटा आला.

आस्द्रुबाल बाहेर खुर्ची टाकून अंडं भरून तळलेली मक्याची आरेपा खात होता. "आली का डॉक्टरीण? पेशंट मेला की जिवंत आहे?"

"तुम्ही आधी तोंडातला घास गिळा, काका," देयानिरा म्हणाली.

"मी काय वाईट बोललो? यंत्राला माणूस ओळखीचा लागतो. माझ्या भावाचा हात होता त्याच्यावर. पोरीबाळींनी बटणं दाबली की असंच व्हायचं."

"काका, तुमच्या हाताला तेल लागलंय. पडद्याला हात लावू नका."

मी डबा उघडला. दोन डिस्का एकीखाली एक बसवलेल्या. खालच्या डिस्कवरचा कागद चाकूने खरवडलेला, म्हणजे जुनी खोड इथेही होतीच. यंत्र सुरू होताना स्क्रीनवर जी यादी येते तिच्यात एकच डिस्क. मी माहितीची वायर बदलली. नाही. पहिल्या डिस्कची जागा दुसरीला दिली. नाही. वीज देणारी वायर बदलली आणि डिस्कला कान लावला.

"काय म्हणते?" देयानिराने विचारलं.

"काहीच नाही. फिरतसुद्धा नाही."

दुकानातून माझं दुसरं यंत्र आणवलं आणि त्याला जोडून पाहिली. तिथेही ढिम्म. आता एकच अर्थ होता आणि तो मला तोंडातून काढवेना. देयानिराने माझ्याकडे पाहिलं आणि ती खाली जमिनीवरच बसली.

"मेली ना?"

"मेली."

"म्हणजे सगळंच गेलं. बाबा म्हणायचे, सगळं दुसऱ्या डिस्कमध्ये आहे. हीच ना दुसरी?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाजात होतं. मला तिची दया आली आणि त्याहून जास्त त्या डिस्कचा राग आला. मेली तर मेली, पण कशाने मेली ते तरी कळू दे, म्हणून मी तिचं झाकण उघडलं. आतल्या चकतीवर धुळीचा थर होता आणि कडेला गंज. ही काही मे महिन्यात मेलेली नव्हती. ही मरून कित्येक वर्षं झाली होती.

"देयानिरा, गेल्या कार्निव्हलला तुझ्या बाबांनी 'सासूबाई' वाजवलं होतं?"

"दोनदा! लोक सोडतच नव्हते."

"मग या मढ्यातून कसं वाजवलं?"

तिने ते मढं हातात घेऊन उलटंपालटं केलं. माझं डोकं मात्र आता चालू झालं होतं. मागे कधीतरी एउस्तोर्हियो दुकानात आला होता. टोपी हातात घेऊन, इकडेतिकडे बघत त्याने विचारलं होतं, "पोरी, हादऱ्यांनी बिघडणार नाही अशी डिस्क मिळते का?" मी म्हटलं होतं, मिळते, आत फिरणारं काही नसतं, तळहाताएवढी असते, थोडी महाग पडते. तो हूं म्हणून निघून गेला. माझ्याकडून घेतली नाही, म्हणून मी तेव्हा चिडलेही होते.

"त्याने घेतली," मी म्हणाले, "पण दुसरीकडून घेतली, म्हणजे मला कळायला नको. ही गंजकी नुसती दाखवायला ठेवलीय. चोर आला तर हीच घेऊन पळेल."

"भलत्या गाण्याचा कागद," देयानिरा पुटपुटली.

"तेच. आता सांग, कॉम्प्युटर तर या खोपट्यात असतो. इथे हादरे किती बसतात?"

"फार नाही. बाबांनी खाली गादी घातलीय." ती ताडकन उठली. "हादरे पेट्यांत बसतात!"

आम्ही पडदा सारून बाहेर आलो. आस्द्रुबाल आता दुसरी आरेपा खात होता. "काय झालं? रडारड संपली?"

"काका, यातली कुठली पेटी वाजत नाही?"

"खालची डावी. मुकी आहे ती कधीची. मी भावाला शंभरदा म्हटलं, दुरुस्त कर, तर म्हणायचा, राहू दे, म्हाताऱ्याचा एक दात पडलाय."

"आणि तुम्ही आत्ता त्याच पेटीला टेकून बसलाय," मी म्हणाले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. उठा."

"अगं, पण माझी आरेपा—"

"उठा म्हणते ना!"

पेटीच्या मागच्या फळीचे स्क्रू इतरांसारखे गंजलेले नव्हते. फळी निघाली आणि मी टॉर्च मारला. पुढून दिसणारा काळा पडदा नुसता चिकटवलेला, त्याच्यामागे स्पीकरच नव्हता. होता तो स्पंजचा चौकोन आणि स्पंजमध्ये उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली डिस्क. तिची वायर स्पीकरच्या वायरींच्या जुडग्यातून खोपट्यात गेली होती आणि तिथे तिच्या टोकाला काळी पट्टी लपेटलेली होती, जशी निकामी वायरीला लपेटतात तशी. पट्टी सोडली तर आत चकचकीत पिन.

"थेरडा!" आस्द्रुबाल म्हणाला, पण प्रेमाने. "सख्ख्या भावालाही बोलला नाही."

"तुमच्या पोटात राहिलं असतं का?" देयानिरा म्हणाली.

मी पिन खोचली. यंत्र एकदा टिंग वाजलं आणि दुसरी डिस्क दिसू लागली. देयानिराने माझा गालगुच्चा इतका जोरात घेतला की वळ उठला. मग आम्ही दोघींनी डिस्क उघडली आणि दोघींचेही चेहरे पडले.

गाणी शेकड्यांनी होती. नावं एकालाही नव्हती. नुसते आकडे, तेही क्रमाने नाहीत. यंत्रातही त्याने नावं खरवडली होती! कुठला आकडा 'सासूबाई' आणि कुठला 'काळी शेळी', ते ज्याला माहीत होतं तो मे महिन्यात झोपला तो उठला नव्हता.

"एकेक ऐकून बघू," मी म्हणाले.

"केव्हा? लोक आलेत, ताई."

खरंच आले होते. जानेवारीच्या वाऱ्यात रंगीत कागद फडफडत होते, बायका खुर्च्या घेऊन उंबऱ्यांवर बसल्या होत्या, आणि मधूनच कुणीतरी ओरडत होतं, "पेलिकानो! खास लाव, खास!" आस्द्रुबाल पडद्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "कुठलंही लाव आणि आत्मविश्वासाने लाव. माहीत नाही असं कुणाला कळू देऊ नकोस. झाकली मूठच बरी."

देयानिराने डोळे मिटून एका आकड्यावर बोट ठेवलं.

पेट्यांतून गिटार निघाली, बारीक, धावती, मागून ढोल. ही चाल उशीतूनही कधी ऐकल्याचं मला आठवेना. देयानिराकडे पाहिलं तर तिचा चेहरा कोरा. बाहेर कुणी नाचेना. लोक माना वाकड्या करून ऐकत होते. बापाची खास म्हणून हे कुठलं भलतंच लावलं, असंच वाटलं असणार. आस्द्रुबालने खिशातून फोन काढला. सोलेदादच्या पिकोवाल्याचा नंबर त्यात पहिलाच असणार, हे मला न सांगता कळलं.

तेव्हा देयानिराने ते केलं, जे कुठल्याही पिकोवाल्याने आजवर केलं नसेल. तिने पडदा ओढून पार काढून टाकला आणि माईक हातात घेतला.

"ऐका! माझ्या बापाने नावं खरवडून टाकलीत. गाणी आहेत, नावं नाहीत. मला हे कुठलं ते माहीत नाही. तुम्हाला आहे का?"

आस्द्रुबालने कपाळावर हात मारला. "संपलं!"

गल्लीत कुजबुज झाली. मग रस्त्याच्या पलीकडून, खुर्चीतून उठायलाही ज्याला दोघे लागतात तो एपिमेनेस म्हातारा, एके काळचा बंदरावरचा हमाल, काठी उंचावून ओरडला, "अगं, ही 'रडूबाई'!"

"कोण रडूबाई?"

"तू! तू जन्मलीस त्या रात्री तुझ्या बापाने ही पहिल्यांदा लावली. तू भोकाड पसरलंस ते पेट्यांच्याही वर! ही लागली की तू रडायचीस, म्हणून तुझ्या आईने नंतर कधी लावू दिली नाही. आमचा काय दोष होता त्यात? आम्हाला नाचायचं होतं!"

गल्ली हसली. उंबऱ्यावरची एक बाई उठली, म्हणाली, "हो हो, रडूबाईच!" आणि कमरेवर हात ठेवून हलू लागली. तिच्या मागे दुसरी, मग म्हातारे, मग ज्यांना गाण्याचं नावही माहीत नव्हतं ती पोरंसुद्धा. देयानिराने माईक तोंडाशी धरला होता, पण तिच्याकडून शब्द निघेना. निघालं ते रडूच, आणि ते सगळ्या पेट्यांतून बाहेर पडलं.

"बघा! अजून रडते!" एपिमेनेस ओरडला, आणि अख्खी गल्ली तिच्या नावाचा गजर करू लागली.

आस्द्रुबालचा फोन लागला होता. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता. आस्द्रुबालने एका कानात बोट घातलं आणि फोनमध्ये ओरडून सांगितलं, "नाही नाही, यायचं नाही! आमच्याकडे आमची पोरगी बसलीय."