मलिद्याचा थाळा

मी थाळा बोलतोय. पितळेचा, मलिद्याचा. ताट म्हणालात तर पुढचं ऐकवणार नाही. शाळा कधी पाहिली नाही; तांबटाच्या हातोडीखाली जेवढी अक्कल आली तेवढीच.

रेवदंड्याच्या अष्टमकरांकडे माझा जन्म गेला. ही माणसं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. बोलणं मराठी, प्रार्थना हिब्रू. नवस फेडायचा की माझ्यात गोड पोहे, खोबरं, फळं रचायची, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची आठवण काढायची आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. एकट्यादुकट्याचा मलिदा होत नसतो.

नात रिवका सिंगापूरला कॉलेजात निघाली तेव्हा आजीने मला तिच्या बॅगेत कोंबलं. "अ‍ॅडमिशनचा नवस तिथंच फेड. आपली माणसं शोध."

शोधली की! कॉलेजातली यहुदी मुलं शुक्रवारी एकत्र जेवायची. रिवका नटूनथटून गेली आणि अर्ध्या जेवणातून परतली. अमेरिकेच्या एका पोराने हसत विचारलं होतं, "भारतातली? मग तुमचं घराणं यहुदी झालं कधी?" पोरीने मला पलंगाखाली सरकवलं. वर बूट ठेवले. बूट! माझ्यावर!

आजीचा फोन, "मलिदा झाला का गं?"

"करते आजी." आमेन म्हणायला माणसं कुठून आणायची, हे मात्र बोलेना.

शेवटी तिच्या खोलीतली अनघा वैतागली. पुण्याची ती. "रिवके, म्हाताऱ्या माणसाला किती थापा मारशील? काढ तो थाळा. मी म्हणते आमेन."

शनिवारी दिवस मावळल्यावर दोघींनी पोहे भिजवले, नारळ खवला. रिवका फळं धुवायला वळली, तेवढ्यात त्या पुणेकरणीने माझ्या काठाला हळदकुंकू लावलं. वर फूल!

"अगं बाई! हा सत्यनारायण नाही!"

"मग काय, थाळ्याला असंच कोरडं ठेवायचं?"

रिवका हसली. इथं आल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. तिने मला पुसलं, पण थोडं कुंकू नक्षीत अडकून बसलं. डोळे पुसत म्हणाली, "चल. त्या शुक्रवारच्या मुलांनाच विचारते. नाही म्हणाले तर तू आहेसच."

खाली ती मुलं शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, संपल्याची मेणबत्ती विझवत होती. रिवकाने मला मधोमध ठेवलं. "हा आमचा मलिदा. एलियाहू हन्नाबीच्या नावाने करतात. आमेन म्हणाल?"

मग तोच अमेरिकेचा पोरगा ओशाळून म्हणाला, "एलियाहू? आम्ही आत्ता त्याचीच आठवण काढत होतो."

"कॅन लाह!" सिंगापूरचाच एझ्रा म्हणाला; म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल की'. "पण खायला मिळेल ना?"

रिवकाने आजीच्या चालीत प्रार्थना म्हटली. आमेन आलं, दहा गावच्या उच्चारांचं. सगळ्यांत मोठं अनघाचं.

"हा लाल ठिपका कसला?" एझ्राने विचारलं.

"ती माझी रूममेट," रिवका म्हणाली.

आता मी त्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात असतो. कुणी माझ्यात ब्रेड ठेवतं, कुणी चिप्स. काही रीतभात नाही. वर हिरव्या स्पंजने खरवडतात. गाढवांनो, पितळेला चिंच लागते! घासा, खुशाल लख्ख करा. काठाजवळ मात्र हात जपून. तो ठिपका तेवढा राहू द्या.