पायांना कळणारी वाट

मित्रांनो, शेडच्या दाराशी घमेल्याला टेकून उभा आहे ना, हिरवट रंगाचा, एका चाकाचं रबर गेलेला, तो मी. मला श्रेडर म्हणतात. बागेत छाटलेल्या फांद्या माझ्या तोंडात घालायच्या आणि मी त्या दातेरी रुळाखाली चिरडून, त्यांचे बारीक तुकडे करून खाली टाकायचे, एवढंच माझं काम. आता वय झालंय. सुरू होताना थोडा कण्हतो. पण माझ्या हातून एक बाग जायची राहिली, ती गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते.

कारखान्यात एका बाईंनी माझा शेवटचा स्क्रू आवळला आणि पाठीवर थाप मारली. मग खोक्यातला अंधार, आणि त्यानंतर एकदम दुकान. तिथे माझ्या डावीकडे पेट्रोलवर चालणारा थोरला चिपर होता. मनगटाएवढं लाकूड गिळून ढेकरही न देणारा! उजवीकडे भर्रकन फिरणाऱ्या पात्यांचं एक हलकं मशीन. कामाला चटपटीत, पण ते सुरू झालं की दुकानाच्या काचा थरथरायच्या. मी मधला. चालीने सावकाश, आवाजानेही बेताचा. गिऱ्हाइकं माझ्यावरून नजर फिरवायची आणि पुढे जायची.

एक दिवस गळ्यात टेप अडकवलेले एक वयस्कर शिंपी आले. दुकानदाराने त्यांना थेट थोरल्यासमोर उभं केलं.

"काका, हा घ्या. आयुष्यात दुसरा घ्यावा लागणार नाही."

"माझ्याकडे बाग आहे, जंगल नाही," शिंपीकाका म्हणाले. "मी मापं घेऊन आलोय. बहुतेक फांद्या अंगठ्याएवढ्या आहेत. जाड असतील त्या करवतीने कापून बाजूला ठेवीन. मला सांगा, यांत आवाज कुणाचा कमी?"

"या मधल्याचा. पण हळू चालतो हं."

"चालू दे. मला कुठे गाडी पकडायचीय? बायकोला दिसत नाही माझ्या. तिचं सगळं कानांवर चालतं. मोठा आवाज झाला की घरात कोण कुठे आहे तेच तिला समजेनासं होतं, बावरून जाते."

माझ्या सावकाशपणासाठी मला कुणी निवडेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. टेम्पोतून घरी जाताना माझी छाती फुलून आली होती.

पण मित्रांनो, घरी पोचल्यावर कळलं, मला आणलं होतं ते बाग मोडायला.

ती बाग काकूंनी लावलेली. मागच्या दारापासून कुंपणापर्यंत झाडंच झाडं. पुढे काकूंची नजर हळूहळू गेली. तरी त्या चाचपडत बागेत जायच्या. एकदा मुळाला अडखळून पडल्या आणि मनगट मोडलं. तेव्हापासून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहायच्या. परगावी राहणारी लेक फोनवर काकुळतीला यायची. "बाबा, काढून टाका सगळं आणि फरशी घाला. आई पुन्हा पडली तर?" काकांनी खूप दिवस टाळलं. शेवटी गवंड्याला सांगून ठेवलं. बायकोला मात्र एवढंच म्हणाले, "जरा छाटणी करतोय."

मी कामाला लागलो. कुंपणाची झुडपं झाली, वाळलेले वेल झाले. काका घालत होते, मी चिरडत होतो. मग त्यांनी एका झाडाला करवत लावली. सात वर्षांत एकही फळ न दिलेलं झाड. त्याची पहिली फांदी माझ्या रुळाखाली गेली आणि हवेत आंबट, ताजा वास भरला.

खिडकी धाडकन उघडली.

"अहो! थांबा! ते लिंबू आहे!"

काकांनी माझी विजेची पिन काढली. काकू भिंतीला हात लावत बाहेर आल्या. कितीतरी दिवसांनी त्या बागेत उतरत होत्या. वासाचा माग काढत त्या लिंबापाशी पोचल्या आणि खोडावरून हात फिरवू लागल्या. फिरता फिरता तो हात खोडात रुतून बसलेल्या करवतीवर येऊन थांबला.

"ही छाटणी?"

काकांनी हातातली पिन खाली ठेवली. मग म्हणाले, "फरशी घालायची होती. तू पडशील म्हणून."

"मला विचारलंत?"

"तू बागेत येतेस कुठे आता?"

"वाट कळत नाही म्हणून येत नाही." काकूंनी करवतीवरचा हात काढून घेतला. "बाग नकोशी झाली असं म्हटलं का मी कधी?"

त्या रागाने परत वळल्या आणि पायातली चप्पल निसटून त्यांचा अनवाणी पाय माझ्या भुग्याच्या ढिगात गेला. त्या थबकल्या. पाय दाबून पाहिला. शेजारच्या मातीवर ठेवला. पुन्हा भुग्यावर आणला.

"हे काय आहे?"

"या मशीनचा भुगा."

"इथे कुरकुरतंय. तिथे नाही." त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. "अहो, हा मला दारापासून अंथरून द्याल?"

काकांनी त्याच दिवशी गवंड्याला नको म्हणून सांगितलं. लिंबाच्या जखमेवर चिंधी बांधली. कापडावर आखावी तशी दोरी लावून जमिनीवर वाट आखली, कडेने विटा बसवल्या आणि मी केलेला सगळा भुगा तिच्यात भरला. काकू पहिल्यांदा चालल्या तेव्हा ते मागे मागे होते.

"शिवणीसारखी सरळ घातलीय बघ."

"मग इथे पायाला वाकडी का लागते?"

"तिथे तुझा गुलाब आहे. त्याला वळसा दिलाय."

काकू हसल्या. मी शेडमधून ते हसू ऐकलं. खरं सांगायचं तर माझ्या कमाईतला तो सगळ्यात मोठा दागिना.

नंतरची वर्षं सुखाची गेली. भुगा कुजून मातीत मिसळायचा, मग काका नवा घालायचे. काम झालं की माझी पिन काढून दात ब्रशने साफ करायचे आणि शिवणयंत्राचं तेल द्यायचे. शेजारीपाजारी मुद्दाम ती वाट चालून बघायला यायचे. मी मनातल्या मनात मिरवून घ्यायचो.

मग काका आजारी पडले. छातीत पाणी झालं. दवाखान्यातून घरी आले ते अंथरुणालाच खिळले. माझ्या रुळाला ओला वेल गुंडाळलेला तसाच राहिला. त्याच्याखाली गंज चढत गेला, पोटात पालीने संसार थाटला. वाटेकडेही कुणाचं लक्ष नव्हतं. भुगा विरला, गवत माजलं.

एका दुपारी काकांचा डोळा लागला म्हणून काकू दोन फुलं आणायला बाहेर पडल्या. चार पावलं कुरकुर झाली आणि मग वाट मुकी झाली. त्या इकडे वळल्या, तिकडे वळल्या. पायाखाली सगळीकडे सारखंच. बागेच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी हाक मारली, "अहो! कुठल्या बाजूला येऊ?"

मी शेडमध्ये होतो. गंजलेला, मुका. माझ्याच भुग्याची वाट हरवली होती आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं.

काका जागे झाले. ओरडायला छातीत दम नव्हता. खिडकीशी त्यांचं शिवणयंत्र होतं. पलंगावरून सरकत सरकत ते तिथवर पोचले आणि हाताने त्याचं चाक फिरवू लागले. खडखड, खडखड. हात थकला की थांबायचे, पुन्हा फिरवायचे. काकूंनी कान टवकारले आणि त्या आवाजाच्या दिशेने, गवत तुडवत, एकेक पाऊल टाकत त्या घरापर्यंत आल्या. खिडकीच्या गजांतून त्यांनी काकांचा हात धरला तेव्हा कुठे ते चाक थांबलं.

दोन दिवसांनी लेक आली. तिने सगळं ऐकलं, बागेत जाऊन डोळे मिटून चालून पाहिलं, आणि मला ओढत शेडबाहेर काढलं.

"आधी पिन काढ!" काका खिडकीतून क्षीण आवाजात म्हणाले.

"बाबा, ती लावलेलीच नाहीये अजून."

"बरं. ओला पाला एकदम कोंबू नकोस."

तिने चाकूने वेल कापून काढला, पालीला दुसरं घर दाखवलं, गंज घासला, तेल दिलं. मी कण्हलो, अडखळलो, आणि चालू झालो.

मित्रांनो, श्रेडर घ्यायला जाल तेव्हा आपल्या बागेतल्या फांद्यांचं माप घेऊन जा, आणि घरात कान कुणाचे हळवे आहेत तेही आठवा. घेतल्यावर मात्र आम्हाला विसरू नका. थोडी सफाई, थेंबभर तेल, एवढ्यावर आमचं भागतं. आम्ही गंजलो तर आमचं फारसं काही जात नाही. पण आमच्या कामावर कुणाचा तरी पाय विसंबलेला असतो.

परवा काका पहिल्यांदा बाहेर आले. पाय लटपटत होते. काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता. नवा भुगा दोघांच्या पायाखाली कुरकुरत होता.

"सावकाश," काकू म्हणाल्या. "इथे वळण आहे. गुलाब आहे पुढे."

ज्यांनी ते वळण स्वतःच्या हाताने आखलं होतं, ते काका म्हणाले, "हो का? बरं झालं सांगितलंस."