बिनवाजंत्रीचा परण्या

शाळेचा हॉल कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे ठरवणं रोहिणीच्या हातात होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडायचं. पाथर्डीच्या अलीकडे डांबरी रस्त्याला लागून तिची इंग्लिश मीडियम शाळा. ती तिथली मुख्याध्यापिका. सुट्टीत हॉल आणि मैदान भाड्यानं जायचं. साखरपुडे, बारशी, कुणाच्या निवृत्तीचा सत्कार, एकदा तर डॉक्टरांचं संमेलनसुद्धा. एरवी चारचौघांत ऐटीत फिरणारी माणसं तिच्या केबिनमध्ये येऊन "मॅडम, तेवढं जमवा" म्हणायची. मग ती चष्मा पुसत "बघते" म्हणायची. बघण्यासारखं काही नसायचं, पण तेवढा मान घ्यायला कुणाला आवडत नाही?

त्या केबिनमध्ये एका दुपारी सहादेवमामा येऊन उभा राहिला. पायांतलं पायताण त्याने दाराबाहेर काढलं होतं. रोहिणीचं पहिलं लक्ष त्याच्याकडे नाही, बाहेर बसलेल्या क्लार्ककडे गेलं.

"रोहे, रेश्माचं जमलं बघ," मामा हसून म्हणाला. "वैशाखात पुनवंला लगीन धरलंय. तुझ्या शाळंत करायचं."

रेश्मा ही मामाची धाकटी. रोहिणीच्या मांडीवर खेळलेली.

"इथं?" रोहिणी म्हणाली.

"मग? भाची एवढी मोठी मॅडम, आन् आमी काय रानात लगीन लावू? भाडं काय असंल ते देऊ की. फुकट नगं."

इथे एक सांगायला हवं. शाळेत रोहिणीला कुणी विचारलं, की वडील काय करायचे, तर ती म्हणायची, "शुगर फॅक्टरीला होते." त्यात खोटं काही नव्हतं. वडील दर वर्षी दसरा झाला की फॅक्टरीला जात होतेच. बायकोला घेऊन, हातात कोयता घेऊन, उसाच्या फडात. एवढं मात्र ती सांगायची नाही. आणि दहावीच्या वर्षी आईबापांबरोबर फडावर जावं लागू नये म्हणून तिला ठेवून घेतलं होतं ते याच मामाने. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या साली झुंबरमामी रोहिणीला भाकरी करून घालायला घरी राहिली आणि मामा एकटाच तोडीला गेला. अर्धा कोयता म्हणून सगळ्या टोळीने त्याची चेष्टा केली. मामा ते आजही हसत सांगतो.

आता तोच मामा समोर उभा होता आणि रोहिणीच्या डोळ्यांपुढे भलतंच उभं राहिलं होतं. जीप भरभरून आलेली माणसं, हॉलच्या भिंतीवर तंबाखूच्या पिचकाऱ्या, आणि सगळ्या शिक्षकांसमोर कुणीतरी मोठ्यांदा म्हणतंय, "रोहे, फडावर पाचटाच्या कोपीत राहायचीस तेव्हा केवढीशी हुतीस गं!"

"मामा, त्या दिवशी नाही जमणार," ती म्हणाली. "संस्थेचा कार्यक्रम आहे. मोठी माणसं येणार आहेत."

तोंडातून इतकं सहज निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

मामाने तारीख बदलून मागितली नाही, वाद घातला नाही. "आसं हाय व्हय," एवढंच म्हणाला. मग तिच्याच पडलेल्या तोंडाकडे बघून तिची समजूत काढली. "आगं, तू कशाला वाईट वाटून घेती? तुझी नोकरी हाय. आमी बघतो कुठंतरी."

तो गेल्यावर पुष्पावतीबाई आत आल्या. शाळेच्या संस्थापकांच्या पत्नी, संस्थेच्या सचिव. त्यांनी विचारलं, "कोण होते? पौर्णिमेला हॉल मागत होते, असं क्लार्क म्हणाला. मग दिला का नाही? ती तारीख मोकळी आहे की."

म्हणजे अडवणारं कुणीच नव्हतं. अजूनही धावत जाऊन मामाला गेटवर गाठता आलं असतं. पण रोहिणी म्हणाली, "गावाकडचे ओळखीचे आहेत. अशा लोकांना एकदा हॉल दिला की घाण करून ठेवतात, मॅडम."

"तुम्ही म्हणाल तसं," पुष्पावतीबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. अशा लोकांना! रोहिणीला आपलेच शब्द रात्रंदिवस ऐकू येत राहिले. तरी तिने फोन उचलला नाही. लाज वाटणं आणि लाजेपोटी काही करणं, यांत बरंच अंतर असतं.

पुढे मामीचाच फोन आला. पाहुण्यांना शाळेचा पत्ता आधीच सांगून झाला होता, म्हणून मामाने शाळेच्या भिंतीला लागून असलेलं पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याचं मोकळं रान मागून घेतलं होतं. "बरंच झालं," मामी म्हणाली, "तुला कार्यक्रमातनं पटकन येता येईल."

झालं! आता लग्नाच्या दिवशी घरी बसायचीही सोय उरली नाही. सकाळीच रोहिणीने वॉचमनला सुट्टी दिली, पत्र्याचं मोठं गेट लावून घेतलं आणि रिकाम्या शाळेत, आपल्या केबिनमध्ये, इस्त्रीची साडी नेसून नसलेल्या कार्यक्रमाला जाऊन बसली.

भिंतीपलीकडे मांडव होता. जीपा येत होत्या, दारं आपटत होती. पण बाकी आवाजच नव्हता. लग्नघरचा स्पीकर नाही, बायकांची गाणी नाहीत. रोहिणीला आधी बरं वाटलं, मग चमत्कारिक वाटायला लागलं. ती जिना चढून वरच्या वर्गाच्या खिडकीशी गेली.

नवरदेवाचा परण्या रस्त्याने चालला होता. लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो, तो परण्या. त्याला वाजंत्री नसेल असं कधी होत नाही. गरिबातला गरीब माणूस त्या दिवशी हलगी तरी लावतोच. नवरदेव घोड्यावर होता, फेटे होते, करवल्या होत्या. बँडवालेही होते. पण त्यांचे पिपाण्या-ताशे नुसते गळ्यात लटकत होते. सगळे शाळेकडे बघत, दबकत, खालच्या मानेने चालले होते. आणि सर्वांत पुढे सहादेवमामा, एक हात वर करून, मागच्यांना गप्प राहण्याची खूण करत.

काय चाललंय हे रोहिणीला कळलं आणि ती तिथेच मुलांच्या बाकावर बसली. तिच्या कार्यक्रमाला त्रास नको म्हणून तिच्या मामेबहिणीच्या लग्नाचा परण्या मुक्याने निघाला होता.

थोड्या वेळाने गेटमधलं छोटं दार वाजलं. ती खाली धावली, पण कडी घालायची राहिली होती, आणि मामा आत आलासुद्धा. नवा पांढरा सदरा, डोक्याला फेटा. हातात ताट, त्यावर स्वच्छ टॉवेल झाकलेला. बुंदीचा आणि वांग्याच्या भाजीचा वास येत होता.

"तुला कार्यक्रमातनं निघता यायचं न्हाई, म्हणून म्हणलं ताट..." असं म्हणत मामाने मान वर केली.

मैदान रिकामं होतं. खुर्ची नाही, मांडव नाही, एक मोटरसायकलसुद्धा नाही. कडुनिंबाचा पाला सगळीकडे पडला होता आणि त्यावर कुणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं. मामाने हे सगळं शांतपणे पाहिलं. मग तो पायरीपाशी आला, ताट नीट खाली ठेवलं आणि टॉवेल सारखा केला.

"मामा, कार्यक्रम नव्हताच," रोहिणी म्हणाली. "मी खोटं बोलले. मला तुमची... मला लाज वाटली."

मामा खाली मान घालून उभा राहिला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर तिने पदर पसरून घेतल्या असत्या. पण तो तोंड फिरवून फेट्याचं टोक उगाच कानामागे खोचत राहिला. रोहिणीने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"मी येते," ती म्हणाली. "मांडवात येऊन सगळ्यांना खरं सांगते. गेट उघडते. हॉल उघडते."

"न्हाई," मामा पटकन म्हणाला. "हळू बोल, पलीकडं ऐकू जाईल." मग बाहेर बघत म्हणाला, "व्याह्यांना काय सांगितलंय ठावं हाय का? भाचीनं लई धडपड केली, पन कार्यक्रम आधीच ठरला हुता. तुझ्या नावावर तर सोयरीक जमली, बाई. पोरीची बहीण हेडमास्तरीण हाय म्हणून. आता तू जाऊन खरं सांगितलं, तर तुला मोकळं वाटंल. माझ्या रेश्मीला सासरी जन्मभर ऐकावं लागंल, की सख्ख्या भाचीनं दारात उभं केलं न्हाई म्हणून."



"तवा चल," मामा म्हणाला. "तोंड धू. कार्यक्रमातनं उठून आली, आसं मी सांगतो. आन् तू बी तसंच बोल."

मांडवात तिला पाहताच झुंबरमामी लगबगीने पुढे आली. "आली गं माझी बाई, एवढ्या गडबडीतनं!" ती कुजबुजली आणि जवळच्या बायकांना सरकून जागा करायला लावली. सगळा मांडव कुजबुजतच बोलत होता. रेश्माने मुंडावळ्यांतून तिच्याकडे बघून आनंदाने हात हलवला. माइकची वायर गुंडाळून खांबाला टांगली होती. भटजींनाही मंगलाष्टका हळू म्हणायला सांगितलं होतं.

नवरदेवाचे वडील अंगदराव शाल आणि नारळ घेऊन आले. टोळीचे मुकादम, फडावर हाक मारली तर दोन शिवारांत ऐकू जाईल असा माणूस. त्यांनी नारळ रोहिणीच्या हातात दिला, शाल मामीकरवी खांद्यावर घातली. तिने दोन्ही घेतलं. घ्यावंच लागलं. मामा बाजूलाच उभा होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

"मॅडम," अंगदराव अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "आमी समद्यांना ताकीद दिलीय. तरी लेकराबाळांचं लगीन हाय, थोडं इकडं-तिकडं हुतंच. आत मोठ्या मान्सांना आमचा काई तरास तर न्हाई ना झाला?"

रोहिणीने मामाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "आत काहीच ऐकू येत नाही."

अंगदरावांना बरं वाटलं. ते वळले आणि मांडवाच्या कडेला हसणाऱ्या पोरांना त्यांनी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.