समोरच्यांचं पान

आमचे जावई बास्केटबॉल खेळतात. खेळतात म्हणजे मैदानावर असतात. चाळीस मिनिटं घामाने निथळतात, आणि सामना संपल्यावर माझ्या वहीत त्यांच्या नंबरापुढे जे काही उरतं ते बघून मला वाटायचं, की एवढं काम तर खुर्चीत बसूनही झालं असतं. 'खांब' हे टोपणनाव त्यांना मीच दिलं. संघाने ते आनंदाने उचललं, आणि जावयांनीही काही हरकत घेतली नाही. हरकत घेण्यासाठी तोंड उघडावं लागतं.

मी गुणलेखक आहे. वायरच्या कारखान्यात स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं काढली. त्यातली एकोणीस कारखान्याच्या संघाची वही लिहिली. निवृत्त झाल्यावर स्टोअर सुटलं, वही काही सुटली नाही. वहीचं डावं पान आपलं, उजवं समोरच्या संघाचं. प्रत्येक खेळाडूपुढे बास्केट, फाउल वगैरे रकाने, आणि बचावाचे शेवटचे दोन: 'हिसकावले' आणि 'अडवले'. समोरच्याच्या हातातून चेंडू हिसकावला की एक रेघ, त्याने मारलेला हवेत अडवला की एक रेघ. सामना संपला की उजवं पान फाडून पाहुण्यांच्या हातात द्यायचं, ही आमच्या स्पर्धेतली जुनी रीत. आपलं पान आपल्या कपाटात, त्यांचं त्यांच्या. दुसऱ्याच्या पानात डोकावणं असभ्यपणाचं समजलं जातं, आणि मी सभ्य माणूस आहे.

आमच्या संघाचा हिरो पाच नंबरचा, 'घार'. लांब हात, चपळ डोळे. चेंडू दिसला की आपला माणूस सोडून झडप घालतो. झडप लागली की हॉल उठून उभा राहतो आणि मी रेघ मारतो. लागली नाही तर काय होतं, याला वहीत रकाना नाही, त्यामुळे मला ते माहीत नव्हतं. आमच्यावर स्पर्धेत सगळ्यात कमी गुण होतात, ते घारीमुळे, असं सगळा कारखाना म्हणायचा. सगळ्यात मोठ्याने मीच म्हणायचो.

सीझन संपत आला तेव्हा क्रीडा समितीच्या सचिवांनी मला बोलावलं. हे खरेदी विभागाचे साहेब. बास्केटबॉल गोल असतो इथपर्यंत त्यांचा अभ्यास होता.

"संघातली एक जागा कमी करायचा वरून आदेश आहे," ते म्हणाले. "शनिवारी बैठक. बचावात कोण किती उपयोगाचा, ते तुमच्या वहीवरून काढून द्या. वही खोटं बोलत नाही."

"नाही बोलत," मी म्हणालो, आणि फुशारून कामाला लागलो. दुपारपर्यंत सुवाच्य अक्षरात गोषवारा तयार. घार: हिसकावले एकसष्ट, अडवले चौदा. खांब: हिसकावले चार, अडवले दोन. शेवटच्या नंबराखाली पट्टी धरून लाल रेघ ओढली आणि पान सचिवांच्या टेबलावर ठेवून घरी आलो. दारात बूट काढताना माझ्या लक्षात आलं की हे दार जावयांच्या नावावर आहे.

आमच्या जावयांना कारखान्यात नोकरी आहे ती खेळाडू म्हणून. संघ सुटला की नोकरी सुटते, आणि नोकरी सुटली की क्वार्टरही. त्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, माझी मुलगी, जावई, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे राहणारा मी. आपल्याच हाताने आपल्या डोक्यावरचं छप्पर काढण्याचा पराक्रम मी चांगल्या अक्षरात करून आलो होतो.

मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिला आकड्यांचा धाक नाही. मी सगळं सांगितलं तेव्हा ती चिडली नाही, हे जास्त वाईट झालं.

"बाबा, तुम्ही त्याला कधी खेळताना बघितलंय?"

"अगं, सहा वर्षं टेबलावर बसून..."

"तुम्ही चेंडू बघता. चेंडू त्याच्याकडे येतच नाही. का येत नाही ते एकदा बघा."

"चेंडू बघू नको तर लिहू काय, कपाळ?"

"बघा तर खरं," ती म्हणाली, आणि कुकरकडे वळली. जावई आतल्या खोलीत बुटाच्या लेस ओवत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. बाहेर आले ते मला म्हणाले, "बाबा, गुडघ्याची गोळी घेतलीत का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी शेवटचा सामना होता, बंदराच्या संघाशी. त्यांचा एक डावखुरा आहे. कुठल्याही संघावर वीस-पंचवीस गुण सहज करतो असा त्याचा लौकिक. त्याला धरायचं काम नेहमीप्रमाणे खांबाकडे. मी पेन्सिल घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा चेंडूवरून नजर काढली. फार जड गेलं. सगळा हॉल एकीकडे मान वळवतो आणि आपण दुसरीकडे बघायचं.

खांब गुडघे वाकवून डावखुऱ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. डोळे त्याच्या कमरेवर. डावखुरा दोन पावलं आपल्या आवडत्या बाजूला सरकला, तर तिथे हा आधीच. परत फिरला, तर तिथेही. ज्याच्या हातात चेंडू होता त्याने डावखुऱ्याकडे बघितलं, जरा विचार केला, आणि चेंडू दुसऱ्याला दिला. मग पुन्हा तेच. पहिल्या दहा मिनिटांत मी मोजलं: सोळा वेळा त्याच्याकडे बघितलं, अकरा वेळा चेंडू दुसरीकडे गेला. सुरुवातीला डावखुरा हात वर करून चेंडू मागत होता. नंतर त्याने हात वर करणं सोडून दिलं. कोणीही टाळी वाजवली नाही. टाळी वाजवण्यासारखं काही झालंच नव्हतं.

आणि मग मी घारीच्या त्या हुकलेल्या झडपा बघितल्या. घार झेपावली, चेंडू निसटला, घारीचा माणूस मोकळा सुटून बास्केटकडे धावला. त्याच्या वाटेत खांब येऊन उभा. तो बिचकून चेंडू मागे देतो तोवर खांब परत डावखुऱ्यापाशी. एकाच सामन्यात असं नऊ वेळा झालं. नऊ घरं सारवायची एकाने, आणि पाय उमटवून मिरवायचं दुसऱ्याने. सहा वर्षं मी या माणसाला भिंतीला टेकलेली छत्री समजत होतो.

अर्थात वहीचा बोऱ्या वाजला. फलकावर आमचे अठ्ठावन्न गुण, माझ्या वहीत बावन्न. तीन बास्केट माझ्या डोळ्यांदेखत, पण डोळ्यांआड झाल्या होत्या. सचिव टेबलापाशी आले, वही बघितली आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! तब्येत बरी आहे ना?"

मी फलकावरून वही दुरुस्त केली, उजवं पान फाडून बंदरवाल्यांना दिलं, आणि पान हातातून सुटता सुटता मला उमगलं की आमच्या जावयांचा सगळा बचाव त्या पानावर आहे. त्यांचं काम त्यांच्या नंबरापुढे उमटतच नव्हतं. ते समोरच्याच्या नंबरापुढे उमटत होतं, आणि मी दर सामन्याला ते इमानेइतबारे फाडून देऊन टाकत होतो.

शुक्रवारी सकाळी बंदराच्या कचेरीत गेलो. तिथून टपाल खात्यात, तिथून डेअरीत. "तुमची पानं जरा बघायला मिळतील का?" म्हटल्यावर लोक माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी त्यांच्या फ्रिजचं दार उघडतोय. पण माझे पांढरे केस आणि दुखरा गुडघा कामी आले. बंदराच्या संघाचा मॅनेजर, जाडजूड, आनंदी माणूस, त्याने तर फायलीच पुढ्यात ठेवल्या आणि दोनदा चहा पाजला. "पण कशाला हवंय हे तुम्हाला?" त्याने विचारलं. आणि मी, गाढवाने, उत्साहाच्या भरात सगळं सांगितलं. पानं पसरून बोट ठेवून दाखवलं. डावखुरा टपालवर चोवीस, डेअरीवर सत्तावीस, आमच्यावर सात. आमच्यावर नऊ. आमच्यावर पाच. फक्त एकदा आमच्यावर एकतीस, आणि त्या दिवशी आमचे जावई तापाने घरी झोपून होते. त्याच सामन्यात घारीने सहा चेंडू हिसकावले होते. तिचा तो विक्रम. आम्ही तो सामना हरलो, आणि कारखान्याने घारीला भिंतीवरचं घड्याळ दिलं. शिफारस माझीच होती.

मॅनेजरने ती पानं स्वतःकडे ओढून पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "आमचा डावखुरा म्हणतो, तुमच्या हॉलमधले दिवे त्याच्या डोळ्यांवर येतात. आम्ही चार वर्षं दिव्यांबद्दल तक्रारी करतोय."

शनिवारी मी सत्तावीस पानांच्या नकला घेऊन समितीपुढे उभा राहिलो. डावखुऱ्याचा सात, नऊ, पाच, आणि तो एकतीस, सगळं सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. ते माझ्या वयाला मान देत होते.

"म्हणजे," सचिव म्हणाले, "त्यांचा माणूस वाईट खेळला, याचं श्रेय तुमच्या जावयांना द्यायचं?"

"तो एकदाच नाही वाईट खेळला, साहेब. दरवेळी खेळला."

"दिव्यांमुळे असेल. त्यांची तक्रार आलेली आहे, माझ्याकडे फाइल आहे." मग आवाज खाली आणून, "हे बघा, तुमच्या जागी मी असतो तर मीही जावयासाठी हेच केलं असतं. पण हे पहिलं पान तुमच्याच हातचं ना? लाल रेघ तुम्हीच मारलीत ना?"

मारली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. "गुरुवारी तुमच्या वहीत सहा गुण कमी भरले, तेही आम्ही मनावर घेतलेलं नाही," ते पुढे म्हणाले, आणि ठराव पास झाला.

घरी येऊन मी जावयांसमोर बसलो. सासऱ्याने जावयाची माफी कशी मागायची, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. "मी तुम्हाला सहा वर्षं नीट बघितलंच नाही," एवढंच म्हणालो आणि मला रडू आलं. जावई गडबडून गेले. "अहो बाबा, असू दे हो," म्हणाले आणि पाणी आणायला उठले. मुलगी दारात उभी होती. तिने माझी पाठ थोपटली. क्वार्टर रिकामं करायला एक महिन्याची मुदत होती, आणि आम्ही खोके जमवायला लागलो.

अकराव्या दिवशी बंदरातून पत्र आलं. नोकरी, तीन खोल्यांचं क्वार्टर, आणि खाली मॅनेजरच्या हातच्या दोन ओळी: चहा प्यायला सासऱ्यांनाही घेऊन या.

नव्या सीझनचा पहिला सामना आमच्या हॉलमध्ये, बंदराशीच. वही माझ्याकडेच होती, कारण फुकट लिहिणारा दुसरा कोणी मिळाला नव्हता. राहायला बंदरात आणि लिहायला कारखान्याचं, अशी माझी गत. जावई निळ्या बनियनमध्ये उतरले आणि घारीसमोर गुडघे वाकवून उभे राहिले. बस्स. घार उजवीकडे गेली, डावीकडे गेली, हात वर करून ओरडली, शेवटी आपल्याच लोकांवर चिडली. चेंडू हिसकावायला ती झेपावत होती, पण आता मागे सारवायला कोणी नव्हतं. डावखुरा त्या दिव्यांखालीच तेहतीस गुण करून गेला. आमचा संघ सव्वीस गुणांनी हरला.

सचिव माझ्या खांद्यावरून वहीत डोकावले. घार: चार गुण.

"याला झालंय काय? घरी काही प्रॉब्लेम?"

"नाही. समोर आमचे जावई होते."

त्यांनी उजव्या पानावर जावयांचा नंबर शोधला. हिसकावले, अडवले, दोन्ही रकाने कोरे. "यांनी तर काहीच केलेलं नाही!" ते म्हणाले, आणि पुढच्या बैठकीत घारीच्या डोळ्यांची तपासणी करायचा विषय घ्यावा असं पुटपुटत निघून गेले. घारीचं पान मी आमच्या कपाटात ठेवलं. आता पुरावा कारखान्याकडेच होता, आणि कपाट कोणी उघडणार नव्हतं. उजवं पान मी फाडून मॅनेजरला दिलं. त्याने ते न बघताच घडी घालून खिशात टाकलं आणि मला डोळा मारला.

आमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली वायरची गोदामं. बेचाळीस पायऱ्या. गुडघा खराब झाल्यापासून हा जिना मी कठडा धरूनच उतरतो. सगळे गेल्यावर जावई पिशवी खांद्याला लावून मला न्यायला वर आले, आणि नेहमीसारखे माझ्या एक पायरी पुढे होऊन उतरायला लागले. वडीलधाऱ्याला आधी जाऊ देण्याचीही रीत नाही, असं मी याबद्दल मुलीला किती वेळा ऐकवलं होतं! आज मी बघितलं. ते सरळ उतरत नव्हते. अंग थोडं माझ्याकडे वळलेलं, गुडघे जरा वाकलेले, एक हात खाली, मोकळा. माझ्यापासून हातभर अंतरावर.

मी मधेच थांबलो. तेही थांबले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही," मी म्हणालो. सहा वर्षं आठवून बघितली. या जिन्यावर मी एकदाही पडलो नव्हतो.