तिरपं अक्षर

मंठ्यात अप्पारावच्या बॅनरच्या दुकानात धम्मपाल डिझायनिंग करायचा आणि रिकाम्या वेळात एक अक्षर घडवायचा. इंग्रजीत असतं ना, जाड, तिरपं, टोकांना पाय फुटलेलं, तसं त्याला मराठीत पाहिजे होतं. काना खाली येताना भरदार, वळण मात्र केसासारखं बारीक, आणि सगळा शब्द उजवीकडं कललेला, लग्नाला पोचायला उशीर झालेल्या माणसासारखा. लग्न, बारसं, वाढदिवस यांसाठीच तर काढलं होतं ते.

अक्षर पुरं झालं आणि त्याच दिवशी मोंढ्यातले एक बडे व्यापारी गेले. घाईत अप्पारावनं समोर दिसलं ते अक्षर लावलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' इतकं देखणं उठलं, की चौकातली माणसं मयत विसरून बॅनरच बघत राहिली. पुढच्या मयतवाल्यांनी तेच मागितलं. मग त्याच्या पुढच्यांनीही. होता होता मंठ्यात लोकांनी बॅनर वाचणंच सोडलं. लांबून जाड-तिरपं दिसलं, की गाडी थांबवून हात जोडायचे आणि नंतर विचारायचे, कोण गेलं.

एकदा तरी आनंदाच्या बॅनरवर लागलं तर अक्षर यातून सुटेल, असं धम्मपालच्या मनानं घेतलं. म्हणून पुढारी काकासाहेबांच्या वाढदिवसाला त्यानं कुणाला न विचारता तेच वापरलं. हसरा फोटो, फुगे, केक, 'लाख लाख शुभेच्छा'.

सकाळीच काकासाहेबांच्या दारात पांढऱ्या टोप्या जमल्या. तोंडाला साबण लावलेले काकासाहेब बाहेर आले, तर एका म्हाताऱ्यानं त्यांनाच मिठी मारून विचारलं, "काकासाहेब कसे गेले हो?" राजूरचा मेहुणा रडत निघालेला. त्याला फोनवर खरं सांगितलं, तर म्हणाला, निघालोच हाये तर येतो.

काकासाहेब तडक दुकानात आले.

"फुगे दिसले न्हाईत का लोकांना?" धम्मपालनं विचारलं.

"दिसले ना. लोक म्हणून राह्यले, पोरांनी हौसेनं केलं बापाचं."

"साहेब, अक्षर नुसतं पुढं झुकलंय. धावून राह्यलंय ते."

"कुठं धावून राह्यलंय ते सगळ्या मंठ्याला ठाऊक हाये."

"आजपासून हे अक्षर फक्त मेलेल्याला," अप्पाराव म्हणाला. "जित्या माणसाला लावलं तर याद राख."

त्याच आठवड्यात धम्मपालच्या लेकीचं नामकरण होतं. त्यानं गुपचूप बॅनर काढला आणि घरी नेऊन बायकोपुढं उलगडला. 'मैत्री'. मात्रा आणि वेलांटी अशा, की आता उडतील. ज्योत्स्ना लेकीला खांद्यावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली.

"सुंदर हाये."

"हाये ना?"

"लई सुंदर हाये. बदलून टाका."

"अगं, आपल्याच लेकीचं नाव हाये."

"म्हणूनच म्हणून राह्यले. माझी आई दारातच बसंल वो गळा काढून."

धम्मपाल वाद घालू शकला असता. पण दुकानात मशीनमधून नाव बाहेर आलं, तेव्हा त्याचेच हात नकळत जोडले गेले होते. हे त्यानं ज्योत्स्नाला सांगितलं नाही.

नामकरणाला कम्प्युटरमधलं आयतं, गोल अक्षर लागलं. जगातल्या सगळ्या बॅनरवर असतं, ते. बुद्धवंदना झाली, नाव ठेवून झालं. ज्योत्स्नाची आत्या झुंबरबाई बॅनरपाशी थांबली.

"किती गोड अक्षर हाये, जावईबापू. तुम्हीच काढलं म्हणं?"

धम्मपालनं वर बघितलं. त्या अक्षराला ना झोक होता, ना पाय.

"हौ," तो म्हणाला. "मीच."