बाराव्या गाडीचा ब्रेक

सुरतेतल्या डिंडोलीच्या नाक्यावरच्या गतिरोधकाने आजवर भल्याभल्यांची हाडं खिळखिळी केली होती. रविवारी सकाळी त्याच गतिरोधकावरून योगेशची जीप गेली आणि तिच्या बॉनेटवर ठेवलेला चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास जागचा हललासुद्धा नाही. चहावर साय धरली होती, तिला सुरकुतीही पडली नाही. खोटं वाटेल त्याने नाक्यावरच्या चहावाल्याला विचारावं. ग्लास त्याचाच होता आणि अजून परत मिळालेला नाही, त्यामुळे त्याला सगळं नीट आठवतं.

धुडकूने हे पानटपरीपाशी उभं राहून पाहिलं आणि तोंडातलं पान न चावताच गिळलं.

योगेश त्याचा साडू. धुडकूची बायको रंजना थोरली, योगेशची दिपाली धाकटी. योगेश हजीऱ्याला कारखान्यात क्रेन चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी सुंवालीच्या किनाऱ्यावर रेतीत जीप उडवायला जायचा. उडवायला म्हणजे खरोखरच उडवायला. त्यासाठी त्याने जीपच्या स्प्रिंगचे जुने पाटे काढून नवे घातले होते, हातभर लांबीचे शॉकअप बसवले होते, आणि गाडी अशी उंच केली होती की खालून कुत्रं मान न वाकवता जायचं.

धुडकूचीही जीप होती. मिलिटरीच्या लिलावातली, योगेशच्या लग्नाच्या आधीपासूनची. तिच्यातून तो मागावरचे साडीचे तागे प्रोसेसला, म्हणजे रंगाई-छपाईला पोचवायचा. तिला सस्पेन्शन होतं असं कागदावर लिहिलेलं होतं, एवढंच. रंजनाच्या चुलत्याचा मुतखडा डॉक्टरांच्याने हलला नव्हता, तो या जीपने डिंडोलीहून उधन्याला जाईपर्यंत पडला. मग दोन-चार पेशंट आपणहून आले. धुडकूला याचा अभिमान होता.

आणि ब्रेक! ब्रेक लागायचा, पण त्याला आधी कळवावं लागायचं. समोर म्हैस दिसली की धुडकू सीटवरून उठायचा, स्टिअरिंगला लटकायचा आणि अख्खा देह उजव्या पायावर तोलायचा. वर्षानुवर्षांच्या या सवयीने तो पाय वेगळाच झाला होता. जीव जरा खालीवर झाला की पाय आपोआप खाली दाबला जायचा. गाडी असो, नसो. दिवाळीला सासऱ्यांकडे जेवताना कोणीतरी म्हणालं, "योगेशनं हात लावला की सोनं होतं." पाटाखालची फरशी तडकली.

"काय हो, काय झालं?" रंजनाने विचारलं होतं.

"ठसका लागला."

"ठसका पायाला लागतो का?"

आता या दोन जीपांचा आणि खंडेरावाचा संबंध सांगायला हवा. डिंडोलीत खानदेशची निम्मी गावं येऊन राहिलेली. गाव सुटलं तरी बारागाड्या सुटल्या नाहीत. खंडेरावाच्या यात्रेला एकामागे एक बारा गाड्या बांधायच्या, त्यांत माणसं खच्चून भरायची, पहिल्या गाडीचा दोर भगताने कमरेला अडकवायचा आणि सगळा तांडा ओढत देवळापर्यंत न्यायचा. दोन्ही बाजूंनी भगताला खांदा देणारे दोन बगले. गावाकडे बैलगाड्या असतात. सुरतेत बैलगाडी कुठून आणणार? म्हणून हातगाड्या, टेम्पो, तीनचाकी छकडे, जे चाकावर चालतं ते सगळं. भगत होते दोघांचेही सासरे, लक्ष्मणआबा. आणि पहिली गाडी असायची धुडकूची जीप. वर्षानुवर्षं. हार तिला, नारळ तिला, बॉनेटवर उभा राहून भंडारा उधळायचा मान धुडकूला.

त्या रविवारी आबा योगेशच्या जीपभोवती फिरले. चाकावर काठी मारली, बंपर दाबून पाहिला. बंपर लोण्यासारखा खाली गेला आणि हळूच वर आला.

"नरम शे," आबा म्हणाले. मग धुडकूकडे न बघता म्हणाले, "धुडकूराव, राग नका धरज्यात. तुम्हनी गाडीना हिसका थेट कमरमा बसस. गेल्या सालपासून मी वाकी शकत नही."

"म्हणजे आबा?"

"म्हणजे ज्यानी गाडी नरम, त्यानी गाडी पुढे."

योगेश म्हणाला, "आबा, मान दादांचाच आहे." पण हे तो आपल्या जीपला टेकून म्हणाला, ते धुडकूला बरोबर दिसलं.

दुसऱ्या दिवशी धुडकूची जीप मगनभाईच्या गॅरेजमध्ये.

"मगनभाई, योगेशची गाडी पाहिली?"

"मीच बनवली."

धुडकूने चार बोटं नाचवली. "त्याच्यापेक्षा चार बोटं वर पाहिजे. आणि त्याच्यापेक्षा नरम. त्याचा चहा सांडला नाही ना? माझ्या गाडीत ताक ठेवायचं. रवीसकट."

मगनभाईने पाटे उतरवले तेव्हा त्यांतून एवढी माती पडली की गॅरेजमागच्या बाईने तिच्यात मिरच्या लावल्या. नवे पाटे आले, मऊ, लांब. शॉकअप आले, गॅस भरलेले. गाडी चढत गेली, चढत गेली. धुडकू खाली उभा राहून "अजून" म्हणत राहिला. शेवटी मगनभाईने पाना खाली ठेवला.

"बस, भाई. आता ब्रेकची बात करू."

"ब्रेक कशाला? ब्रेक कोणाला दिसतो?"

"अरे, गाडी ऊंची केली, टायर मोटा केला, वजन वाढला. आणि ब्रेक जूना? तो तुम्ही डिंडोलीत दाबणार आणि गाडी नवसारीत ऊभी राहणार."

धुडकूला नवसारीचं काही वाटलं नाही. त्याने वेगळंच विचारलं. "योगेशने केला?"

"पुढे डिस्क टाकली. मागे ड्रमच."

"मग मला चारही चाकांना डिस्क!"

गाडी तयार झाली तेव्हा मगनभाईने त्याला हात धरून बसवलं. "सांभळ, नीट ऐक, धुडकूभाई. जूना ब्रेक लात मागत होता. हा अंगूठा मागतो. लात नाय मारायची."

धुडकूने मान डोलवली. पायाने ऐकलं नाही.

रीतसर परीक्षा झाली. आबा शेजारी बसले, मांडीवर ताकाचं गंज. गतिरोधकावरून जीप अशी गेली की आबांना डुलकी लागली. धुडकूची छाती फुगली. तेवढ्यात समोरून योगेशची जीप आली आणि योगेशने हात हलवला. नुसता हात हलवला. पण धुडकूचा उजवा पाय खाली गेला. चारही डिस्क एकदम चावल्या. जीप तिथल्या तिथे खिळली. आबांचं पागोटं मात्र थांबलं नाही, ते योगेशच्या बॉनेटवर जाऊन बसलं. आणि ताक? धुडकूची जीप मिलिटरीच्या हिरव्या रंगाची होती, त्या दिवसापासून ती आतून पांढरी आहे.

आबांनी मिशा पुसल्या. "गाडी झ्याक," म्हणाले. "ब्रेक तर जगमा नही असा." धुडकू आशेने बघत राहिला. "म्हणून तुम्हनी गाडी शेवट. बारावी. पुढला ओढस, पण थांबाडाले मांगला लागस. गेल्या साली गाड्या थांबन्या नहीत, मी देऊळना वट्टावर आपटनू. यंदा मना जीव तुम्हना ब्रेकवर."

याच्याइतका विश्वास आबांनी कोणावर टाकला नव्हता. रंजनाही घरी तेच म्हणाली. "अहो, बाबांनी जीव हातात दिला तुमच्या."

"हातात नाही, शेपटीला बांधला," धुडकू म्हणाला. "हार पहिल्या गाडीला असतो. शेपटीला कोण हार घालतं?"

यात्रेच्या दिवशी पाण्याच्या टाकीमागचं मैदान माणसांनी भरलं. सगळ्यांत पुढे योगेशची जीप, मध्ये हातगाड्या, छकडे आणि टेम्पो, सगळ्यांत मागे धुडकूची जीप. आपल्या उंच गाडीचं धुडकूला एकच सुख मिळालं. मधल्या सगळ्या डोक्यांवरून त्याला पुढचं अगदी स्वच्छ दिसत होतं. दिपालीने योगेशच्या जीपला ओवाळलं, ते दिसलं. हार घातला. झेंडूचा, मध्ये गुलाब. गेल्या वर्षीच्या हारात गुलाब नव्हता. नारळ फुटला. योगेश बॉनेटवर चढला, मुठीत भंडारा घेतला आणि मागे वळून ओरडला, "दादाऽऽ! दिसतं का तिकडून?"

धुडकूचा उजवा पाय पाळामुळांसकट खाली गेला.

"येळकोट येळकोट!" लोक ओरडले. "जय मल्हार!"

आबांनी दोर कमरेला अडकवला, भंडारा कपाळाला लावला आणि झेप घेतली. दोर ताणला गेला. गाड्या हलल्या नाहीत.

आबांनी पुन्हा जोर केला. बगल्यांनी खांदे लावले. बाराव्या गाडीची चाकं न फिरता वीतभर घसटली आणि थांबली. ढोल अडखळला.

धुडकूने खाली पाहिलं. पाय ब्रेकवर होता. "उठ," तो पायाला हळूच म्हणाला. पाय उठेना. त्याने दोन्ही हातांनी गुडघा ओढला. इतक्यात हारातला गुलाब पुन्हा डोळ्यांपुढे आला आणि पाय होता त्याहून खाली गेला. कोणी वाकून पेडलकडे पाहिलं तर? देवाची गाडी अडवणारा म्हणून डिंडोलीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. सासऱ्यांच्या दारात तर नाहीच.

पुढे आबांनी दोर तसाच ठेवून हात वर केले. गाड्या हलल्या नाहीत की जे करायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. "गाड्यासमा बठेल कोना तरी मनमा गाठ शे," ते गरजले. "जे शे ते आत्तेच काढी टाका. नही ते गाडी हालाव नही."

मग चौथ्या गाडीतून प्रमिलाबाई उभ्या राहिल्या. "नळाच्या लाइनीत मोटर लावते मीच," त्या म्हणाल्या. "सहा वाजता."

"तरी म्हटलं!" सातव्या गाडीतून आवाज आला.

"तू गप. तू माझ्या दोरीवरची चादर नेलीस."

मग काय, बांधच फुटला. कोणी वाटण्यांबद्दल बोललं, कोणी सुनेबद्दल, सून आणखी कोणाबद्दल. एकाने तर पुढच्या वर्षीचंही आताच कबूल करून ठेवलं. प्रत्येक कबुलीनंतर आबा दोर ओढायचे आणि गाडी जागची हलायची नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. हळूहळू नजरा मागे सरकत बाराव्या गाडीकडे यायला लागल्या. धुडकूने तोंड उघडलं.

तेवढ्यात योगेश बॉनेटवरून खाली उतरला.

"आबा, माझ्यामुळे अडलंय," तो म्हणाला. मैदान इतकं शांत होतं की शेवटच्या गाडीपर्यंत शब्द न् शब्द ऐकू आला. "मी दादांवर जळतो. लग्नात वरात निघाली तेव्हा सगळे नवरदेवाला सोडून दादांची जीप बघत होते. मी घोड्यावर, आणि फोटोवाला जीपकडे. तेव्हापासून. दर वर्षी ते पुढे उभे राहून भंडारा उधळतात आणि मला रात्रभर झोप येत नाही. ही जीप घेतली ती त्यांच्यामुळे. पाटे, शॉकअप, सगळं त्यांना दाखवायला. सुंवालीला मला मळमळतं, आबा. मला रेती आवडतच नाही."

धुडकूने ते ऐकलं. कानांनी ऐकलं, मग छातीत ऐकलं, मग पोटात, आणि तसंच खाली उतरत उतरत ते उजव्या पायापर्यंत पोचलं. बोटं सुटली. टाच सुटली. पाय पिसासारखा वर आला.

आबांनी दोर ओढला मात्र, बारा गाड्या अशा सुटल्या की ढोलवाले मागे राहिले. योगेश कसाबसा बॉनेटला लोंबकळला. आबा पळत होते की गाड्या त्यांना पळवत होत्या, सांगता येणार नाही. मैदान संपत आलं, देवळाचा वट्टा समोर आला, आणि बाराव्या गाडीत धुडकू डोळे मिटून, दोन्ही पाय सीटवर घेऊन, मांडी घालून बसला होता. तेव्हापासून, तो मनाशी म्हणत होता. लग्नापासून!

"दादाऽऽ, ब्रेक!"

"अहोऽऽ, ब्रेक!" हा आवाज रंजनाचा होता, आणि तो जगातल्या कुठल्याही अवस्थेत धुडकूला ऐकू यायचा. पाय खाली आला. या वेळी लाथ नव्हती. नुसता अंगठा ठेवला. बाराव्या गाडीने अकरावीला धरलं, अकरावीने दहावीला, आणि सगळा तांडा अलगद थांबला. वट्टा आणि आबांचं नाक यांच्यात एक बेलाचं पान मावलं असतं. योगेशच्या जीपचा हार तेवढा सुटून आबांच्या गळ्यात पडला.

वरण-बट्टीच्या पंगती बसल्या तेव्हा आबा एकटेच मैदानाच्या त्या टोकाला गेले. बारावी गाडी जिथे उभी होती, तिथे मातीत न फिरलेल्या चाकांच्या वीतभर लांबीच्या चार खुणा होत्या. आबा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. धुडकू हातातली बट्टी तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिला. मग आबांनी पायाने माती सारली, चारही खुणा बुजवल्या, वर चिमूटभर भंडारा टाकला आणि गळ्यातला हार काढून मोठ्याने म्हणाले, "बाराव्या गाडीले बी हार घाला रे कोनी तरी. आज तिनाच पायगुण."

हार आला. मधला गुलाबही शाबूत होता. पण धुडकूचं तिकडे लक्षच नव्हतं. तो ताट उचलून योगेशच्या शेजारी येऊन बसला. त्याच्या बट्टीवर स्वतःच्या वाटीतलं तूप ओतलं.

"दादा, बस की. किती?"

"खा रे," धुडकू म्हणाला. वाटी पुरती उपडी केली. "योगेश."

"काय दादा?"

"झोप येत नाही म्हणालास. रात्रभर?"

"जाऊ द्या ना दादा."

"नाही, तसं नाही. फोटोवाला जीपकडे वळला म्हणालास ना? तिथून सांग. सावकाश सांग."